सिंकमधला क्लेबसिएला आणि चार महिने उशिरा आलेला रिपोर्ट

शुभदा_म

मी एमडी मायक्रोबायोलॉजी, गेली अठरा वर्षं रुग्णालयाच्या लॅबमध्ये आहे. कोविडच्या काळात 'जीनोम सिक्वेन्सिंग' हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला. पण वॉर्डातल्या एखाद्या पेशंटच्या रक्तात जिवाणू वाढला, त्याचा जनुकक्रम वाचला आणि त्याच आठवड्यात त्या पेशंटचे उपचार बदलले, असं मी जिथे जिथे काम केलं तिथे एकदाही पाहिलेलं नाही. हे रोजच्या तपासण्यांत यायला हवं असं मला फार तळमळीने वाटतं. का वाटतं, ते एका प्रसंगावरून सांगते. रुग्णालयाचं नाव देणार नाही, कृपया विचारू नका.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पाच आठवड्यांत सात बाळांच्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातला जंतू वाढवून पाहायची तपासणी) क्लेबसिएला न्यूमोनिए हा जिवाणू वाढला. सगळी अपुऱ्या दिवसांची, किलो-सव्वा किलोची बाळं. दोन गेली. मॅकॉन्कीच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या, प्लेटवर गुलाबी, फुगीर, चिकट वसाहती. तारेचा लूप टेकवून वर उचलला की एकतारी पाकासारखी तार निघायची. सातही प्लेटा शेजारी मांडल्या तर कुठली कोणाची हे लेबल वाचल्याशिवाय सांगता येत नव्हतं. कुठलं औषध चालतं याचा तक्ताही तोच: मेरोपेनेम रेझिस्टंट (म्हणजे त्या औषधाला दाद नाही), अमिकासिन रेझिस्टंट, कोलिस्टिनला तेवढी दाद.

मग हा आला कुठून याचा शोध सुरू झाला. इन्क्युबेटर, सक्शनच्या बाटल्या, नळ, सिंक, सगळ्यांचे हात, जे जे सुचलं त्याचे स्वॉब घेतले. एका सिस्टरच्या हातावर क्लेबसिएला निघाला. तक्ता तोच. झालं! दुसऱ्या दिवशी तिची ड्यूटी ओपीडीत लागली. लेखी कोणी काही दिलं नाही, पण कुजबुज सगळीकडे. जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारी डबा उघडायला कोणी बसेना. तिची अकरा वर्षं त्या एनआयसीयूत गेली होती. एके दिवशी ती लॅबच्या दारात येऊन उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "मॅडम, माझ्या हाताने झालं का हो?"

मला 'नाही' म्हणता आलं नाही आणि 'हो'ही म्हणता आलं नाही. माझ्या हाताशी ज्या तपासण्या होत्या त्यांत त्या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं.

उत्तर का नव्हतं तेही सांगते. औषधांचा तक्ता जुळला म्हणजे जिवाणू तोच, हा समज आम्हा डॉक्टरांच्याही डोक्यात घट्ट बसलाय. एखाद्या गावात चाळीस घरं पाटलांची असतात म्हणून ती सगळी एकाच चुलीवरची नसतात. प्रतिकाराची जनुकं बऱ्याचदा प्लाझमिडवर, म्हणजे डीएनएच्या लहान सुट्या कड्यावर, असतात, आणि प्लाझमिड एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. त्यामुळे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोन क्लेबसिएला हुबेहूब तोच तक्ता दाखवू शकतात. घराणं ओळखायचं तर डीएनएच्या पंचावन्न लाखांच्या आसपास अक्षरांचा त्याचा संपूर्ण जनुकक्रम वाचावा लागतो.

ओळखीने एका संशोधन प्रयोगशाळेत ते जिवाणू पाठवले. सातपैकी पाचच उरले होते. पहिल्या आणि चौथ्या बाळाची प्लेट नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे ऑटोक्लेव्ह होऊन (वाफेने निर्जंतुक करून) टाकली गेली होती. चार महिन्यांनी ईमेल आला. पाच बाळांचे जिवाणू एकमेकांपासून जास्तीत जास्त चार अक्षरांनी वेगळे. बाळांना दूध पाजायची बोंडली आणि वाटी-चमचे जिथे विसळत, त्या सिंकच्या जाळीखालचा जिवाणू त्यांच्यापासून दोन अक्षरांवर. सिस्टरच्या हातावरचा मात्र हजारो अक्षरं दूर, वेगळ्याच घराण्यातला.

रिपोर्टच्या तळाशी छापलेलं होतं, 'केवळ संशोधनासाठी'. त्यामुळे तो कुठल्याच फायलीला लावता आला नाही. सिस्टर तोवर नोकरी सोडून गावी गेली होती. मी फोन करून सांगितलं. पलीकडून बराच वेळ फक्त भांड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत."

तोच रिपोर्ट आठवड्याभरात आला असता तर सिंक त्याच आठवड्यात बंद झालं असतं. पुढची बाळं वाचली असती का, हे मी सांगू शकत नाही. पण सिस्टर आजही त्याच वॉर्डात असती, एवढं खात्रीने सांगते.

आता केंब्रिजची गोष्ट. तिथल्या रोझी हॉस्पिटलच्या नवजात कक्षात २०११ मध्ये एमआरएसए हा नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जिवाणू सापडत होता. सहा महिन्यांत १२ बाळं, पण मध्ये मध्ये मोठे खंड, त्यामुळे ही एकच साखळी आहे की नाही हे नेहमीच्या पद्धतींनी ठरेना. जनुकक्रम वाचल्यावर साखळी २६ जणांपर्यंत पोचली. त्यात आया होत्या, बाळंतिणींच्या वॉर्डातला आणि घरी गेल्यानंतरचा संसर्गही होता. मग कक्ष धुऊनपुसून काढला, शेवटचं बाधित बाळ घरी गेलं, आणि ६४ दिवसांनी पुन्हा एक बाळ पॉझिटिव्ह. जनुकक्रम तोच! म्हणजे मधल्या काळात जिवाणू कुठेतरी टिकून होता. १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी केली, त्यात एकाच्या अंगावर तो मिळाला. उपचार केले. शॅरन पीकॉक आणि ज्युलियन पार्कहिल यांच्या गटाचं हे काम २०१३ ला प्रसिद्ध झालं. मी ते अनेकदा वाचलंय. एका ठिकाणी जनुकक्रमाने कर्मचारी सापडला, दुसऱ्या ठिकाणी कर्मचारी संशयातून सुटला. फरक आठवड्यांचा होता.

टीबीत तर इंग्लंड केव्हाच पुढे गेलंय. मार्च २०१७ पासून तिथे टीबीच्या कल्चरचा संपूर्ण जनुकक्रम वाचणं हीच नेहमीची तपासणी झाली, सुरुवात बर्मिंगहॅमच्या लॅबमधून. त्याआधीच्या अभ्यासात जनुकक्रमावरून पूर्ण निदान साधारण ९ दिवसांत हाती येत होतं. जुन्या पद्धतीच्या अंतिम रिपोर्टला ३१ दिवस लागत. खर्चही थोडा कमीच आला होता.

आपल्याकडे यंत्रं नाहीत असं आता म्हणता येत नाही. मुंबईत महापालिकेच्या कस्तुरबा रुग्णालयात ऑगस्ट २०२१ मध्ये एका वेळी ३८४ नमुने वाचणारी लॅब उभी राहिली. पुण्यात बीजे मेडिकल, एनआयव्ही, आयसर, एनसीएल अशा संस्थांनी कोविडचे हजारो नमुने वाचले. डेल्टाच्या पहिल्या ज्ञात नमुन्यांपैकी काही तर २०२० च्या ऑक्टोबरातले, आपल्याच महाराष्ट्रातले. वाचता येतं हो आपल्याला. अडतं ते त्याच्या आधी आणि नंतर. जिवाणू जपून ठेवणं, वेळेत पाठवणं, आलेल्या लाखो अक्षरांतून 'हे औषध बंद करा, हे सिंक बंद करा' असं एका पानावर उतरवणारा माणूस, आणि ते पान पेशंटच्या फायलीत लावायचा अधिकार.

तुमचे अनुभव लिहा. डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन, पेशंट, नातेवाईक, सगळ्यांचे हवेत.


सह्यकडा

वाचताना घशाशी आलं. माझा विज्ञानाशी संबंध बारावीपुरता. एक विचारतो. कोविडला आरटीपीसीआर करायचो, टीबीला सीबीनॅट असतं. तेही जनुकच तपासतात ना? मग आणखी हे कशाला?


शुभदा_म

चांगला प्रश्न. पीसीआरला आपण आधी विचारतो, 'अमुक बदल आहे का?' ते हो किंवा नाही सांगतं. जे विचारलंच नाही ते सांगत नाही. टीबीच्या जंतूचा जनुकक्रम ४४ लाख अक्षरांचा आहे, १९९८ मध्ये पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला. सीबीनॅट रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधासाठी त्यातली ८१ अक्षरं बघतं. बहुतेक वेळा तेवढी पुरतात आणि दोन तासांत उत्तर मिळतं, म्हणून ते फार मोलाचं आहे. पण आफ्रिकेतल्या एस्वातिनी देशात, तेव्हाच्या स्वाझीलँडमध्ये, त्या ८१ अक्षरांच्या बाहेर बदल झालेला जंतू पसरला होता. २००९ च्या सर्वेक्षणातल्या एमडीआर, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या, जंतूंपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा त्याचा. मशीन सांगत होतं 'रिफाम्पिसिन चालेल' आणि पेशंट बरे होत नव्हते.


प्राजक्त७९

माझ्या धाकट्या भावाची गोष्ट लिहितो. २०१९. तेव्हा तो चोवीस वर्षांचा, गॅरेजमध्ये कामाला. दीड महिना खोकला, मग बेडक्यात रक्त. सीबीनॅट झालं, टीबी आहे, रिफाम्पिसिन चालतं. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. गोळ्या सुरू. लघवी केशरी व्हायची, आई म्हणायची औषध लागू पडतंय. पण वजन वाढेना. बावन्न किलोंचा शेहेचाळीसवर आला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकवत असेल. घरात सगळ्यांनी त्याला बोल लावले. मीही. वडील तर समोर बसून गोळ्या गिळायला लावायचे.

साडेतीन महिन्यांनी कल्चरचा रिपोर्ट आला. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाला रेझिस्टंट. म्हणजे तो एकही गोळी चुकवत नव्हता, गोळीच काम करत नव्हती. उपचार बदलले, आता ठणठणीत आहे, स्वतःचं गॅरेज आहे. पण तेव्हा जे बोललो ते परत घेता येत नाही. शुभदाताई, तुमच्या सिस्टरचं वाचून तेच आठवलं.


शुभदा_म

प्राजक्त, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सीबीनॅट आयसोनियाझिडबद्दल काही सांगतच नाही, त्यामुळे ही फट अनेकांना भोवते. त्यासाठी एलपीए ही, पट्टीवर ठरावीक बदल दाखवणारी, वेगळी तपासणी असते, ती वेळेत झाली असती तरी तुमच्या भावाचे महिने वाचले असते. 'गोळ्या चुकवत असेल' हे वाक्य आम्ही डॉक्टर फार पटकन उच्चारतो.


डॉ_कोयनाकाठ

मी तालुक्याच्या ठिकाणी फिजिशियन आहे. मॅडमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो.

माझ्याकडे सकाळी येणाऱ्या थुंकीच्या दहा डब्यांपैकी तीन-चारांत नुसती लाळ असते. पेशंटला 'खोल खोकून बेडका काढा' हे कोणीतरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं, आणि तो माणूस माझ्याकडे नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वर टीबीचा जंतू एकाचे दोन व्हायला जवळपास दिवस घेतो. कल्चर वाढायला दोन-तीन आठवडे, निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस. सिक्वेन्सिंग त्या कल्चरनंतरच. इंग्लंडचे ते ९ दिवस कल्चर पॉझिटिव्ह आल्यापासून मोजलेले आहेत, हे लोकांना सांगायला हवं.

गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट हे टीबी तपासायचं लहान पीसीआर यंत्र आमच्या तालुक्यापर्यंत आलं, कारण ते बॅटरीवर चालतं आणि त्याला एसी खोली लागत नाही. मला असं हवंय. प्राजक्त यांच्या भावाला सिक्वेन्सिंग नको होतं, वेळेवर झालेली एलपीए हवी होती. जे आहे ते आधी सगळ्यांना मिळू दे.


शुभदा_म

डॉक्टर, ९ दिवसांबद्दल तुमचं बरोबर आहे, मी तिथे नेमकं लिहायला हवं होतं. थुंकीच्या नमुन्यात माणसाचा डीएनए इतका असतो की त्यातून टीबीचा संपूर्ण क्रम काढणं अजून अवघड जातं, म्हणून कल्चर लागतं.

मात्र मधली वाट निघाली आहे. टीबीची ठरावीक जनुकं थेट थुंकीतून वाढवून फक्त तीच वाचायची. याला टार्गेटेड सिक्वेन्सिंग म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये त्याची शिफारस केली आहे. त्यात कल्चरची वाट पाहावी लागत नाही.

आणि एलपीए पुरेल असं मी म्हणणार नाही. एमडीआरच्या नव्या सहा महिन्यांच्या उपचारांचा कणा बेडाक्विलिन आहे. त्याला प्रतिकार देणारे बदल आरव्ही ०६७८ या जनुकात कुठेही विखुरलेले असतात. एलपीएच्या पट्टीवर ते मावत नाहीत. पूर्ण जनुक वाचल्याशिवाय ते दिसतच नाहीत, आणि दिसले तरी प्रत्येकाचा अर्थ अजून लागलेला नाही. बेडाक्विलिन आपल्या हातून गेलं तर आपण पुन्हा तिथेच येऊ, जिथे २०१२ च्या जानेवारीत मुंबईत हिंदुजाच्या डॉ. झरीर उदवाडियांच्या पेशंटांमुळे सगळं जग हादरलं होतं. कुठलंच औषध लागू पडत नव्हतं त्यांना.


मिडलँड्सकर

मूळ सांगलीचा, आता इंग्लंडात लॅबमध्ये बायोमेडिकल सायंटिस्ट. टीबीच्या सिक्वेन्सिंगशी रोजचा संबंध आहे म्हणून लिहितो.

बाहेरून वाटतं तसं यात काही झगमगीत नाही. कल्चरची बाटली मशीनने पॉझिटिव्ह दाखवली की त्यातलं थोडं काढून जंतू उष्णतेने मारतो, मग काचेच्या बारीक मण्यांबरोबर जोरात हलवून फोडतो, कारण त्याचं कवच मेणासारखं चिवट असतं. माझा सगळ्यात जास्त वेळ त्यात जातो. पुढचं मशीन करतं. शेवटी रिपोर्टवर प्रत्येक औषधापुढे एकच अक्षर असतं: चालेल, चालणार नाही किंवा माहीत नाही. ते तिसरं अक्षर छापायला धाडस लागतं. पूर्वी कधी न दिसलेला बदल सापडला तर रिपोर्ट सरळ 'माहीत नाही' म्हणतो, आणि मग जुन्या पद्धतीने औषध घालून जंतू वाढतो का ते पाहतात. वॉर्डातल्या डॉक्टरांचा विश्वास मला वाटतं त्या अक्षरामुळे बसला.

दुसरं म्हणजे इथे नवी पद्धत एका दिवसात आली नाही. आधी दोन्ही पद्धती समांतर चालल्या, आकडे ताडून पाहिले. १० हजारांहून जास्त जंतूंचा, अनेक देशांतून गोळा केलेला अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यानंतर पहिल्या फळीची चारही औषधं 'चालतील' असं जनुकक्रमाने सांगितलेल्या जंतूंची जुनी तपासणी बंद करायचा निर्णय झाला.

पण डॉ. कोयनाकाठ म्हणतात ते विसरू नका. २०१७ ला अख्ख्या इंग्लंडात टीबीचे पाच हजारांच्या आसपास पेशंट होते. भारतात वर्षाला २५ लाखांहून जास्त नोंदी होतात. इथली व्यवस्था उचलून तिथे ठेवता येणार नाही.


एटीजीसी

पुण्यात बायोइन्फर्मेटिक्स, म्हणजे जनुकक्रमांचं संगणकी विश्लेषण, करतो. कोविडच्या काळात रात्र रात्र जागून क्रम जुळवलेत, तेव्हा हे वाचून आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

शुभदाताई, एक तांत्रिक आक्षेप, राग मानू नका. सिंकचा जिवाणू बाळांच्या जिवाणूपासून दोन अक्षरांवर होता, एवढ्याने सिंकमधून बाळांना झालं असं ठरत नाही. बाळांच्या बोंडल्या विसळून विसळून सिंकमध्ये गेला असं उलटंही असू शकतं. दिशा ठरवायला आधीच्या तारखांचे नमुने लागतात, आणि तुमच्याकडे पहिल्याच बाळाचा नव्हता.

यावरून २०११ चा जर्मनीतला ई. कोलायचा उद्रेक आठवतो. हजारो आजारी, ५० हून जास्त मृत्यू. चीनमधल्या प्रयोगशाळेने जनुकक्रम तीन दिवसांत वाचून सगळ्या जगासाठी खुला केला, आणि जगभरच्या लोकांनी घरबसल्या त्याचं विश्लेषण केलं. जंतू कसला ते कळलं. पण तो कशातून आला? आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. खरं कारण निघालं मोड आलेली मेथी, बी इजिप्तमधून आलेलं. ते सापडलं हॉटेलात कोणी काय मागवलं याच्या नोंदी तपासून आणि स्वयंपाक्यांना विचारून. म्हणून सिक्वेन्सिंग आलं की पायपीट संपली, असं कोणी समजू नये.

ताई म्हणतात त्या 'नंतरच्या' अडचणीबद्दल दोन शब्द. ३८४ नमुन्यांचं यंत्र ३८४ भरले तरच परवडतं. रुग्णालयात आज दोन येतील, परवा पाच. भरायची वाट बघत बसलं की आठवडे जातात. त्यासाठी लहान यंत्रं हवीत. नॅनोपोर कंपनीचं मिनआयन तर शंभर ग्रॅमच्या आसपास आहे, २०१५ मध्ये गिनीत इबोलाच्या साथीत ते सामानाच्या पेटीतून नेलं होतं. शिवाय माणसं. माझ्याबरोबर कोविडमध्ये काम केलेली बहुतेक मुलं कंत्राटी होती. प्रकल्प संपला, ती आयटीत किंवा परदेशी गेली. बदलांची यादीही थांबून राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची टीबीची पहिली यादी २०२१ ची, दुसरी २०२३ ची. काल 'माहीत नाही' होतं ते आज 'चालणार नाही' होतं. जुने रिपोर्ट मग कोण परत उघडणार? त्यासाठी कायमची जागा भरलेला माणूस लागतो.


शुभदा_म

राग कसला! दिशेबद्दलचा आक्षेप मान्य, पूर्णपणे. मी 'सिंकमधून झालं' असं म्हणू शकत नाही. सिस्टरच्या हातावरचा त्या साखळीत नव्हता, एवढं मात्र म्हणू शकते. पहिल्या बाळाची ती प्लेट अजून डोळ्यांपुढे येते.


अनसूया_सिस्टर

बावीस वर्षं स्टाफ नर्स. कधी लिहीत नाही इथे, फक्त वाचते.

मॅडम, तुम्ही त्या सिस्टरला फोन केलात हे मोठं आहे. आम्हाला कोणी फोन करत नाही. पण माझी भीती सांगते. एका नर्सकडे आठ-दहा बाळं, एकाला सोडून दुसऱ्याला धरायचं, हात धुवायला सिंक खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्यातही सॅनिटायझर संपलेला. अशात जंतू हातावर आला तर तो माझा गुन्हा का? उद्या हे तपासायचं यंत्र आलं आणि रिपोर्टात माझं नाव निघालं, तर मागे उभं कोण राहणार? पूर्वी संशय तरी होता. आता पुरावा म्हणतील.


शुभदा_म

अनसूयाताई, तुमची भीती खरी आहे, तिला मी वरवरचं उत्तर देणार नाही. केंब्रिजमध्येही एक कर्मचारी सापडली किंवा सापडला, पण प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या व्यक्तीचं नाव नाही. उपचार झाले आणि तपास पुढे गेला. आपल्याकडे हे पहिला नमुना पाठवण्याआधी कागदावर यायला हवं. निकाल फक्त संसर्ग नियंत्रण समितीकडे जाईल, नमुन्यावर नावाऐवजी क्रमांक असेल, आणि निकालावरून शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. समितीत वॉर्डातली एक सिस्टर हवीच. एका नर्समागे किती बाळं होती हा आकडाही त्याच रिपोर्टात हवा. हे ठरणार नसेल तर मी स्वतः कर्मचाऱ्यांचे स्वॉब सिक्वेन्सिंगला पाठवणार नाही.


अनसूया_सिस्टर

असं लिहून मिळालं तर मी पहिला हात पुढे करीन.


रानजाई

आमच्या सिंधुदुर्गात पावसाळा आला की ताप येतो आणि कसला ते शेवटपर्यंत कळत नाही. लेप्टो, माकडताप, डेंगी, स्क्रब टायफस, एकेक तपासणी करत बसायचं. रक्त द्यायचं आणि 'काय आहे ते सांगा' म्हणायचं, असं होऊ शकतं का?


एटीजीसी

तत्त्वतः हो, त्याला मेटाजीनोमिक्स म्हणतात. नमुन्यात जे जे आहे ते सगळं वाचायचं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये चौदा वर्षांचा एक मुलगा अनेक महिने ताप, डोकेदुखी आणि मग मेंदूच्या सुजेने अत्यवस्थ होता. सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने त्याच्या पाठीच्या कण्यातलं पाणी दोन दिवसांत वाचलं. तीस लाखांहून जास्त तुकड्यांत ४७५ तुकडे लेप्टोस्पायराचे निघाले. पेनिसिलिन दिलं, मुलगा बरा झाला. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तुमच्या कोकणातलाच लेप्टो, बघा.

पण सांभाळून. रिकामी नळी वाचली तरी त्यात जिवाणू निघतात, कारण रसायनांतच मातीतल्या-पाण्यातल्या जिवाणूंचा अंश असतो. दर वेळी रिकामी नळी सोबत वाचावी लागते. लंडनच्या सेंट थॉमसमध्ये आयसीयूच्या पेशंटांच्या छातीतल्या स्रावावर हे त्याच दिवशी करतात. तिथे यंत्राशेजारी मायक्रोबायोलॉजिस्ट बसून निकाल वाचतो.


डॉ_कोयनाकाठ

सगळं वाचलं. बेडाक्विलिनचा मुद्दा पटला, त्यावर मी विचार केला नव्हता. अनसूया सिस्टरांच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा.

मॅडम, आता मला कामाचं सांगा. माझ्याकडे सिक्वेन्सर येणार नाही, पुढची पाच वर्षं तरी. पण एक टेक्निशियन मुलगी हुशार आहे, ब्लड कल्चर आम्ही करतो, आणि एक उणे वीसचा फ्रीजर अर्धा रिकामा आहे. आज काय करू?


शुभदा_म

डॉक्टर, जिवाणू टाकू नका. ब्लड कल्चरमध्ये वाढलेला प्रत्येक जिवाणू शुद्ध करून, पंधरा ते वीस टक्के ग्लिसरॉल घातलेल्या ब्रॉथमध्ये दोन-दोन लहान नळ्यांत ठेवा. उणे वीसला काही महिने तरी जगतात. तेवढ्यात जवळच्या मेडिकल कॉलेजच्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये जागा मागा, बहुतेक देतात. टीबीचं कल्चर मात्र तुमच्याकडे ठेवू नका, त्याला वेगळी सुरक्षित लॅब लागते. पुढे कधी एका वॉर्डात एकाच जातीचे तीन जिवाणू लागोपाठ आले तर मला इथेच निरोप टाका, वाचून घ्यायची सोय मी बघते. या वेळी आधी मान्यताप्राप्त लॅबशी बोलून ठेवते, म्हणजे रिपोर्ट फायलीला लागेल.


डॉ_कोयनाकाठ

ठीक. सोमवारपासून. लेबलवर पेशंटचा नंबर, तारीख आणि जिवाणूचं नाव पुरेल का?


शुभदा_म

वॉर्ड आणि खाटेचा नंबरही लिहायला सांगा. आणि पेन्सिलने, किंवा थंडीत न पुसणाऱ्या मार्करने. आमच्या पाच नळ्यांवर खाटेचा नंबर नव्हता. कुठलं बाळ सिंकच्या बाजूला होतं, ते आम्हाला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.